गुप्तरोग एकटा येत नाही

(पालक व सामाजिक कार्यकर्त्यांसाठी योजलेल्या व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



आजच्या विषयाचे नाव निमंत्रणपत्रिकेवर कसे छापावे, यावर संयोजकांमध्ये बराच खल झाला असे माझ्या कानावर आले. अखेर 'युवकांचे आरोग्य : काही प्रश्न' असे सोवळ्यातले शीर्षक छापले गेले. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण त्या शीर्षकामुळेच आज येथे अनेक माता-भगिनी संकोच न बाळगता आल्या आहेत. परंतु ज्याविषयी बोलायचे आहे त्याचे नाव आरंभीच उच्चारून टाकलेले बरे. मी आज गुप्तरोगांविषयी बोलणार आहे. आणि त्यातही एकाच तरुण शरीरात एकाच वेळी ठाण मांडून बसणाऱ्या एकाहून अधिक गुप्तरोगांविषयी.

मी डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि तीस वर्षे वृत्तपत्राच्या कचेरीत काढली आहेत. त्यामुळे भाषणाच्या ओघात औषधांची नावे येतील ती कोणी लिहून घेऊन दुकानात जावे म्हणून नव्हे, तर उपचारामागचा विचार कळावा म्हणून. पत्रकार या नात्याने एक विसंगती मात्र मी फार जवळून पाहिली आहे. ज्या अंकाच्या लेखांच्या पानावर हा विषय येऊ नये असा कटाक्ष असतो, त्याच अंकाच्या छोट्या जाहिरातींत 'गुप्तरोगांवर शर्तिया इलाज' सुखेनैव छापून येतो. लोहमार्गालगतच्या भिंती पाहा. चुन्याच्या मोठमोठ्या अक्षरांत तेच. म्हणजे या विषयावर आपल्या समाजात बोलले जात नाही, हे काही खरे नाही. बोलण्याचा मक्ता तेवढा आपण भोंदूंना देऊन ठेवला आहे.

आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला हे रोग ठाऊक नव्हते, असाही एक समज आहे. परमा आणि गरमी हे दोन्ही शब्द जुन्या मराठीतलेच. सोळाव्या शतकात भावमिश्रांनी 'भावप्रकाश' रचला, त्यात 'फिरंग' नावाच्या रोगाचे वर्णन आहे. फिरंगी लोकांच्या संसर्गातून आला म्हणून फिरंग. आज आपण ज्याला सिफिलिस म्हणतो तो हाच, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्या काळी इटलीतले लोक याच रोगाला फ्रेंचांचा रोग म्हणत आणि फ्रेंच त्याला नेपल्सचा रोग म्हणत. लाज दुसऱ्याच्या पदरात टाकण्याची वृत्ती सार्वत्रिक दिसते. पण भावमिश्रांचे मोठेपण त्या नावात नाही. पूर्वसूरींच्या ग्रंथांत जो रोग या रूपात नव्हता, तो समोर दिसताच त्यांनी तो नोंदवला, बाह्य, आभ्यंतर आणि दोन्हींनी युक्त असे त्याचे तीन प्रकार केले आणि त्यावर चिकित्सा सांगितली. आपल्या ग्रंथांत नाही म्हणजे आपल्या समाजात नाही, असे त्यांनी म्हटले नाही. बाहेरून जखम दिसो वा न दिसो, रोग आत असू शकतो हे त्यांच्या वर्गीकरणात आले आहे, आणि आजच्या विषयाचे मर्म नेमके तेच आहे.

रघुनाथ धोंडो कर्वे यांचाही उल्लेख येथे केला पाहिजे. महर्षी कर्व्यांचे हे चिरंजीव. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाला. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. कर्व्यांची सगळी मते मला मान्य नाहीत, आपणांपैकी अनेकांनाही नसतील. पण रोगाला रोग म्हणावे आणि रोग्याला औषध द्यावे, या त्यांच्या आग्रहाशी वाद घालण्याजोगे मला काही दिसत नाही.

आता मुद्द्याकडे वळतो. १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या जगद्विख्यात वैद्यकीय नियतकालिकात गडचिरोली जिल्ह्यातील एक संशोधन प्रसिद्ध झाले. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. शंभरातील ९२ स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक रोगांपैकी एखादा तरी आजार होता, आणि पूर्वी कधीतरी अशी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया शंभरात केवळ आठ होत्या. हे आकडे त्या वेळी पुष्कळ गाजले. पण त्याच निबंधात आणखी एक आकडा आहे, त्याची चर्चा कमी झाली. दर स्त्रीमागे आजारांची सरासरी संख्या होती ३.६. म्हणजे ज्या बाईला आजार होता, तिला बहुधा एकच नव्हता. त्यांतील सगळे आजार संबंधातून आलेले नव्हते, पाळीच्या तक्रारीही त्यांत होत्या. पण जवळजवळ निम्मा भार जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचा होता. खेड्यातील स्त्रीला आपण 'अंगावरून पांढरे जाते' एवढे एकच वाक्य बोलू देतो, आणि त्या एका वाक्याखाली तीन-चार रोग दडलेले असतात.

हे असे का होते? जागतिक आरोग्य संघटना लैंगिक संसर्गाने पसरणाऱ्या आठ जंतूंना मुख्य मानते. सिफिलिस म्हणजे गरमी, गोनोरिया म्हणजे परमा, क्लॅमिडिया आणि ट्रायकोमोनास हे चार औषधाने समूळ बरे होणारे. हिपॅटायटिस बी, हर्पिस, एचआयव्ही आणि एचपीव्ही हे चार विषाणू. यांतील काहींवर ताबा ठेवता येतो, काहींना लसीने आधीच अडवता येते. पहिल्या चार रोगांची २०२० या एका वर्षात जगभरात ३७ कोटी ४० लाख नवी लागण झाली, असा संघटनेचा अंदाज आहे. आता या आठांचा येण्याचा हा रस्ता सामाईक आहे. ज्या संबंधातून एक आला त्याच संबंधातून दुसराही येऊ शकतो. किंबहुना एक आलेला असला की दुसऱ्यासाठी दार किलकिले झालेले असते. जननेंद्रियावर जखम असेल तर एचआयव्हीचा प्रवेश सोपा होतो. एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खालावली की हर्पिसचे फोड लवकर बरे होत नाहीत. ही मंडळी एकमेकांना हात देत आत येतात.

एक उदाहरण घेऊ. उदाहरण कल्पित आहे, पण त्यातील एकेक पायरी कोणत्याही त्वचा व गुप्तरोग तज्ज्ञाला विचारा, तो मान डोलावेल. समजा, बावीस वर्षांचा एक मुलगा शिक्षणासाठी वा नोकरीसाठी शहरात खोली घेऊन राहतो. घर सुसंस्कृत, आई-वडील आपल्यासारखे. एके दिवशी त्याचे पाऊल घसरते. चार दिवसांनी लघवीला जळजळ होऊ लागते, पू येतो. तो घाबरतो. डॉक्टरकडे जाण्याऐवजी औषधाच्या दुकानात जातो, गर्दी ओसरेपर्यंत बाजूला उभा राहतो आणि हलक्या आवाजात 'जळजळीवर काहीतरी द्या' म्हणतो. दुकानदार गोळ्यांची एक पट्टी देतो. बहुधा सिप्रोफ्लोक्सासिन, जिला आपल्या देशातील परम्याचे जंतू आता बहुतांशी दाद देत नाहीत. तरीही सात-आठ दिवसांत त्रास कमी होतो, कारण हा त्रास कधीकधी आपोआपही ओसरतो. मुलगा देवापुढे हात जोडतो आणि विषय मिटवतो.

आत काय झालेले असते? परमा दबलेला असतो, गेलेला नसतो. त्याच्यासोबत क्लॅमिडिया आलेला असतो. तो मुळात मुका रोग. निम्म्या-अधिक पुरुषांत आणि त्याहूनही अधिक स्त्रियांत त्याचे लक्षणच दिसत नाही. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास एक छोटीशी जखम उठते. दुखत नाही, म्हणून मुलगा तिच्याकडे लक्ष देत नाही, आणि काही आठवड्यांत ती औषधाविनाच भरून येते. ही गरमीची पहिली पायरी. पुढे महिन्या-दोन महिन्यांनी अंगावर, तळहातांवर, तळपायांवर पुरळ येते. आई म्हणते, उष्णता झाली असेल, सब्जा घे. पुरळही जाते. आता मुलगा आरशात पाहतो तेव्हा संपूर्ण निरोगी दिसतो. रक्त तपासले तरच कळावे अशी गरमी त्याच्या अंगात मुरली आहे, आणि ती पुढे अनेक वर्षांनी मेंदूवर वा हृदयावर उमटू शकते. आपल्याकडे म्हण आहे की आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो. हे रोग मुंगीच्या पावलांनी येतात आणि गेल्याचे नुसते सोंग करतात.

म्हणून या क्षेत्रातील जाणत्या डॉक्टरांचा नियम असा आहे की एक सापडला तर तेथे थांबायचे नाही, उरलेल्यांचा शोध घ्यायचा. पू येत असेल तरी गरमीची रक्तचाचणी करायची, एचआयव्हीची करायची, हिपॅटायटिस बी ची करायची. जे आज बरे करता येते त्याचा उपचार आजच करायचा, सगळे अहवाल येईपर्यंत रोग्याला हात हलवत परत पाठवायचे नाही. कारण लाजेने आलेला तरुण दुसऱ्यांदा येईलच याची शाश्वती नसते. २००७ नंतर राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात सरकारी केंद्रांवर औषधांची सात रंगांची पाकिटे आली, त्यांमागे हाच विचार होता. पू येणाऱ्या रोग्यासाठीच्या करड्या पाकिटात सेफिक्झिम आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन अशी दोन औषधे एकत्र होती. एक परम्यासाठी, दुसरे क्लॅमिडियासाठी; दोघे जोडीने येतात, तर औषधही जोडीनेच द्यावे. न दुखणाऱ्या जखमेसाठी पांढरे पाकीट, त्यात पेनिसिलिनचे इंजेक्शन. ओटीपोटात दुखणाऱ्या स्त्रीसाठी पिवळे, त्यात तर तीन औषधे. जेथे प्रयोगशाळा नाही अशा तालुक्याच्या ठिकाणी ही रचना फार उपयोगी पडली. तिला एक मर्यादा अर्थातच आहे. ज्याला लक्षणच नाही, त्याला कोणत्या रंगाचे पाकीट द्यायचे? त्यासाठी चाचणीच हवी. आणि कोणते औषध किती दिवस, हे काळानुसार बदलत असते. ते डॉक्टरांवरच सोपवावे.

पेनिसिलिनविषयी थोडे विषयांतर करतो, कारण त्यात एक उपयुक्त गोष्ट आहे. परम्याचा जंतू एकामागून एक औषधे निकामी करत आला. पण सिफिलिसवर १९४३ पासून वापरले जाणारे पेनिसिलिन आजही तितकेच गुणकारी आहे. सुरुवातीच्या अवस्थेत दीर्घकाळ टिकणाऱ्या बेंझाथिन पेनिसिलिनची २४ लाख युनिटची एकच मात्रा सहसा पुरते. मात्र या इंजेक्शनानंतर पहिल्या चोवीस तासांत काही रोग्यांना ताप येतो, अंग दुखते, पुरळ वाढल्यासारखे दिसते. मरणाऱ्या जंतूंमुळे हे होते आणि दिवसभरात उतरते. मुलाला व पालकांना याची आधी कल्पना दिलेली नसेल तर 'औषध बाधले' असे समजून ते परत त्या दारी जात नाहीत. खऱ्या अ‍ॅलर्जीची चिन्हे वेगळी असतात, श्वास लागतो, ओठ-डोळे सुजतात. तेव्हा अर्थातच तत्काळ रुग्णालय गाठावे.

पहिल्या दिवशीचे सारे अहवाल चांगले आले, की घरात पेढे वाटायची घाई होते. येथेही थांबावे लागते. गरमीची जखम उठायलाच दहा ते नव्वद दिवस लागू शकतात. एचआयव्हीची चाचणीही लागणीनंतर काही आठवडे कोरी येऊ शकते. म्हणून तीन महिन्यांनी चाचण्या पुन्हा करायच्या. गरमीवर उपचार झाला असेल तर सहा महिन्यांनी आणि वर्षाने रक्तातील प्रमाण उतरले का हेही पाहायचे. आणि परमा वा क्लॅमिडिया झाला असेल, तर बरे होऊनही तीन महिन्यांनी परत तपासायचे, कारण पुन्हा लागण होणे फार सर्रास आढळते. पुन्हा लागण का होते, तर बहुधा जोडीदाराचा उपचार झालेला नसतो म्हणून. दोघांचा उपचार पूर्ण होऊन सात दिवस उलटेपर्यंत संबंध वर्ज्य. एकाने औषध घ्यायचे आणि दुसऱ्याने नाही, हा प्रकार घरातील एकच खोली झाडून केर दाराआड लोटण्यासारखा आहे.

संबंध होऊन ७२ तासांच्या आत तरुण डॉक्टरकडे पोहोचला, तर एचआयव्ही टाळण्यासाठी २८ दिवसांचा औषधोपचार उपलब्ध आहे. त्यात एकेक तास मोलाचा. हे ज्याला ठाऊक असेल तो तरुण रात्र विचारात घालवणार नाही.

मुलींच्या बाबतीत सारेच अधिक अवघड होते. त्यांच्यात लक्षणे कमी आणि परिणाम अधिक. परमा वा क्लॅमिडिया उपचाराविना राहिला तर तो गर्भाशयातून बीजवाहिन्यांपर्यंत चढतो. तेथे व्रण राहतो, आणि पुढे मूल न होणे वा गर्भ भलत्याच जागी रुजणे असे प्रसंग ओढवतात. वंध्यत्वाच्या दवाखान्यात लाखो रुपये मोजणाऱ्या काही जोडप्यांच्या दुःखाचे मूळ दहा वर्षांपूर्वी न घेतलेल्या काही रुपयांच्या गोळ्यांत असते. अविवाहित मुलीला ओटीपोटात दुखते म्हणून आई घेऊन जाते, आणि डॉक्टर जो प्रश्न विचारायला हवा तो आईसमोर विचारू शकत नाहीत. सुजाण आईने अशा वेळी पाच मिनिटे स्वतःहून बाहेर जाऊन बसावे. त्या पाच मिनिटांत मुलगी काय बोलली हे नंतर खोदून विचारू नये. उलट बाजूही सांगतो. अंगावरून जाणारे प्रत्येक पांढरे पाणी हा गुप्तरोग नसतो. बुरशीचा संसर्ग, जीवाणूंचे संतुलन बिघडणे हे संबंधाविनाही होते. तेव्हा मुलीकडे संशयाने पाहण्याचेही कारण नाही.

आता मी आपल्या घरांतील सर्वांत नाजूक जागेला हात घालतो. मुलाचे काही कानावर आले की वडीलधाऱ्यांच्या तोंडी एक तोडगा हमखास येतो : 'लग्न लावून द्या, ताळ्यावर येईल.' पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत पूर्वी काम केलेल्या डॉ. रमण गंगाखेडकर यांना आपण कोरोनाच्या काळात दूरदर्शनवर रोज पाहत होतो. त्यांचे व त्यांच्या सहकाऱ्यांचे १९९७ साली प्रसिद्ध झालेले संशोधन पुण्यातल्याच गुप्तरोग दवाखान्यांमधील आहे. १९९३ ते १९९६ या काळात आलेल्या ९१६ स्त्रियांपैकी ३९१ स्त्रिया देहविक्रय न करणाऱ्या होत्या, बहुतेक विवाहित, पतीखेरीज कोणाशी संबंध नसलेल्या. त्यांतील शेकडा १३.६ स्त्रियांना एचआयव्हीची लागण झालेली होती. या स्त्रियांनी कोणते व्रत मोडले होते? सात फेरे घेतले, एवढेच. मुलाच्या अंगातले तीन रोग तसेच ठेवून त्याला बोहल्यावर उभे करणे, हा परक्याच्या मुलीशी केलेला विश्वासघात आहे. पत्रिका जुळवतो तशी दोन्हीकडची रक्ततपासणी राजीखुशीने व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि रोग निघाला म्हणून लग्न कायमचे बंद होते असेही नाही. बरे होणारे रोग बरे करून घ्यावेत. एचआयव्हीवर २०१७ पासून आपल्या देशात निदान होताच औषध सुरू करण्याचे धोरण आहे. नियमित औषधाने रक्तातील विषाणू चाचणीत सापडणार नाही इतका घटला आणि तसाच राहिला, तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे आता सिद्ध झाले आहे. फक्त जोडीदाराला खरे सांगितलेले हवे.

लसीचे सांगतो. हिपॅटायटिस बी ची लस सरकारी लसीकरणात देशभर आली २०११ मध्ये. आज विशीत असलेल्या अनेकांना म्हणूनच बाळपणी ती मिळालेली नाही. एका रोगासाठी आलेल्या तरुणाला ही लस त्याच भेटीत सुरू करता येते. एचपीव्हीची कथा तर महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी आहे. स्त्रियांच्या गर्भाशयमुखाचा कर्करोग या विषाणूपासून होतो. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाने, एचपीव्हीची एकच चाचणी केली तरी या कर्करोगाचे मृत्यू लक्षणीय घटतात हे २००९ साली जगाला दाखवले. बार्शी आणि पुणे ही दोन्ही गावे लसीच्या भारतीय अभ्यासातही होती. २०१० मध्ये लसीकरण मध्येच थांबवावे लागले, त्यामुळे काही मुलींना एकच मात्रा मिळाली. आणि पुढे दहा वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवल्यावर ध्यानी आले की एका मात्रेचे संरक्षणही जवळजवळ तेवढेच टिकते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेचा पर्याय मान्य केला. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या स्वदेशी लसीला मान्यता मिळाली, मुली आणि मुले दोघांसाठी. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला लस देणे म्हणजे तिला मोकळीक देणे, असा आक्षेप मी ऐकतो. धनुर्वाताचे इंजेक्शन दिले म्हणून कोणी खिळ्यावर पाय ठेवत नाही.

येथवर ऐकून आपणांपैकी काहींच्या मनात प्रश्न आला असेल की संयमाचे काय? ब्रह्मचर्याश्रमाच्या कल्पनेचे काय? संयम आणि एकनिष्ठा यांची महती मला पूर्ण मान्य आहे. रोगशास्त्रही तेच सांगते, की परस्परनिष्ठ आणि निरोगी दांपत्याला या रोगांचे भय जवळजवळ नाही. परंतु संयम हा रोग होण्यापूर्वीचा उपाय आहे. ज्याचे पाऊल घसरले त्याच्यासमोर संयमाचे प्रवचन करणे म्हणजे विहिरीत पडलेल्याला काठाच्या उंचीविषयी समजावून सांगणे. २००७ साली शाळांतील किशोरावस्था शिक्षणाच्या कार्यक्रमावर महाराष्ट्राच्या विधिमंडळात गदारोळ झाला आणि तो कार्यक्रम राज्यात थांबला. त्यातील चित्रे आणि भाषा आपल्या घरांना रुचणारी नव्हती, हा आक्षेप निराधार नव्हता. पण जे काढले त्या जागी आपण काय ठेवले? गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी 'तारुण्यभान' नावाने तरुण मुलामुलींची शिबिरे घेतली, मराठीत, आपल्या माणसांच्या भाषेत, मर्यादा सांभाळून आणि काहीही न लपवता. असे शिबिर आपल्या वसतिगृहांत का होऊ नये, हा प्रश्न मी येथील कार्यकर्त्यांना विचारून ठेवतो. सध्या ती रिकामी जागा भ्रमणध्वनीच्या पडद्याने भरली आहे.

कार्यकर्त्यांशी आणखी थोडे बोलायचे आहे, कारण आई-वडिलांना न सांगता येणारी गोष्ट मुलगा पुष्कळदा दादाला, ताईला, वसतिगृहाच्या प्रमुखाला सांगतो. 'कुणाकडून?' हा प्रश्न तुमच्या ओठावर येईल, तो गिळा. तो डॉक्टर विचारतील, त्यांना त्याचे कारण आहे. जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत 'सुरक्षा क्लिनिक' नावाचा विभाग असतो, एचआयव्हीची चाचणी व समुपदेशन देणारे केंद्र असते, दोन्ही विनामूल्य. किशोरवयीनांसाठी आपल्या राज्यात 'मैत्री क्लिनिक' आहेत. १०९७ हा निःशुल्क दूरध्वनी आहे. त्याच्यासोबत जा, बाहेर बाकावर बसा. २०१७ च्या कायद्याने एचआयव्हीविषयीची माहिती संमतीविना उघड करण्यास मनाई आहे, आणि तिच्यामुळे शिक्षण वा नोकरी नाकारता येत नाही. तुमच्या बैठकीच्या वृत्तांतात तर तिचा उल्लेखही नको. हातात एकदम तीन-चार अहवाल घेऊन बाहेर पडलेल्या मुलाला आयुष्य संपले असे वाटते. त्या रात्री त्याला एकटे सोडू नका. त्यातील कोणता कागद सात दिवसांत निकाली निघणार आहे आणि कोणत्यासाठी दीर्घकाळ औषध घ्यावे लागेल, हे समुपदेशकाकडून त्याच्यादेखत वेगवेगळे करून घ्या. भीती निम्मी तेथेच उतरते.

अठरा वर्षांखालील मुला-मुलीत असा रोग आढळला, तर मात्र वेगळा विचार करावा लागतो. पहिली शंका अत्याचाराची घ्यायची, आणि तो अत्याचार घरातल्याच, विश्वासातल्याच माणसाकडून झालेला असू शकतो. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशी माहिती मिळालेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे. त्यात डॉक्टर आले, शिक्षक आले, आपणही आलो. संस्थेची अब्रू जाईल म्हणून प्रकरण आतल्या आत मिटवणे हा गुन्हा आहे. कळवणे आणि उपचार ही दोन्ही कामे बरोबरीने चालतात. पोलिसांचा कागद होईपर्यंत उपचार थांबवायचा नसतो, आणि रुग्णालयाने तो नाकारायचाही नसतो.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आहे, तेव्हा माझे बोलणे येथे आटोपते घेतो. प्रश्नोत्तरांसाठी नगरातील एक स्त्रीरोगतज्ज्ञ आणि एक त्वचारोगतज्ज्ञ मुद्दाम थांबले आहेत. स्वयंसेवक आता कोऱ्या चिठ्ठ्या वाटतील. ज्यांना काही विचारायचे नाही त्यांनीही चिठ्ठी घ्यावी आणि घडी करून पेटीत टाकावी, म्हणजे कोणी विचारले आणि कोणी नाही हे शेजाऱ्याला कळणार नाही. चिठ्ठीवर नाव लिहू नये.